दान, औदार्य आणि माघार: चिनी छंग-यू कुठे वापरावीत, कुठे टाळावीत

प्रश्न तीन भागांत आहे. देणं, औदार्य आणि सोडून देणं यांवरची चिनी छंग-यू, म्हणजे बहुधा चार अक्षरांचे ठरीव वाक्प्रचार, कोणती? इंटरनेटवरच्या याद्यांत ती सगळी एकाच पोत्यात का भरलेली असतात? आणि कंपनीतले एक चिनी वरिष्ठ वयोमानानुसार निवृत्त होऊन मायदेशी चाललेत, जाताना गावातल्या शाळेला संगणक देऊन गेलेत, तर त्यांच्या निरोपाच्या कार्डावर काय लिहायचं?

मी पुण्यात चिनी शिकवते आणि चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या कारखान्यांत दुभाषाचं काम करते. त्यामुळे परीक्षेत चालणारं उत्तर आणि जेवणाच्या टेबलावर चालणारं उत्तर वेगळं असतं, हे रोज दिसतं. मधल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दान देणं आणि टाकून देणं, दोन्हींसाठी चिनीत ‘श’ हे एकच अक्षर येतं. यादी करणारा ते अक्षर शोधतो आणि जे जाळ्यात येईल ते ओततो. (‘श-द’, म्हणजे हातातलं सोडायची तयारी, या नावाची सिचुआन प्रांतातली एक दारूही प्रसिद्ध आहे. ती यादीत नसते एवढंच.)

खरी अडचण याद्यांची नाहीच. आपल्याकडे दान म्हटलं की पुण्य आठवतं. चिनी छंग-यूमध्ये मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी हिशेब असतो: कोणी दिलं, कोणाच्या खिशातून दिलं, कधी दिलं, आणि घेणाऱ्याच्या डोक्यावर काय बसलं. हा हिशेब कळायचा तर मूळ गोष्ट माहीत हवी. शब्दार्थ पाठ करून भागत नाही.

हान शिनपासून सुरुवात करू, कारण त्या एका माणसाच्या चरित्रात देण्याचे तीन वाक्प्रचार आहेत. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकाच्या शेवटी चीनमध्ये सत्तेची धुमश्चक्री चालू होती, तेव्हाचा हा सेनापती. तरुणपणी खिशात दमडी नव्हती. आधी तो गावच्या एका चौकीप्रमुखाकडे जेवायला जायचा. बरेच महिने असं चाललं. प्रमुखाच्या बायकोला वैताग आला, तेव्हा ती भल्या पहाटे स्वयंपाक करून अंथरुणातच जेवण उरकायला लागली. हान शिन वेळेवर पोचला तर चूल थंड. तो काय ते समजला आणि परत गेला नाही. पुढे नदीकाठी मासे धरत बसलेला असताना तिथे कपडे धुणाऱ्या एका म्हातारीनं त्याची भूक ओळखली आणि आपल्या डब्यातलं त्याला रोज दिलं, तिचं काम संपेपर्यंत. हान शिन म्हणाला, मी तुमचे उपकार मोठे करून फेडीन. म्हातारी भडकली. धडधाकट पुरुष असून स्वतःचं पोट भरता येत नाही, कीव आली म्हणून दिलं, परतफेडीसाठी दिलं की काय?

हान शिन पुढे छू प्रांताचा राजा झाला. त्यानं म्हातारीला शोधून हजार सुवर्ण दिलं. यावरून यी फान छ्येन जिन, ‘एका जेवणाचे हजार सुवर्ण’. चौकीप्रमुखालाही बोलावलं आणि शंभर नाणी हातावर ठेवून सांगितलं, तू हलका माणूस, चांगलं काम हातात घेतलंस पण शेवटाला नेलं नाहीस. यावरून वेइ द बू त्सू, सुरू केलेलं सत्कर्म अर्ध्यावर टाकणं. मला या गोष्टीत नेहमी चौकीप्रमुखाची दया येते. म्हातारीपेक्षा जास्त दिवस त्यानंच जेवू घातलं असावं, आणि इतिहासात नाव निघालं ते असं. पण नियम कळतो: देणाऱ्याचं मोल दिलेल्या ताटांवरून ठरत नाही, शेवटच्या ताटावरून ठरतं. बोलीत हेच ‘बुद्धाला पोचवायला निघालात तर थेट पश्चिमेपर्यंत पोचवा’ असं म्हणतात. आमच्या कारखान्यांत मशीन बसवून झालं, आता ट्रेनिंगही तुम्हीच द्या, असं चिनी इंजिनिअरला पटवायचं असेल तर हे वाक्य हमखास चालतं.

तिसरा वाक्प्रचार ज्ये यी थुई शी: अंगावरचं वस्त्र काढून देणं, पुढ्यातलं ताट सरकवणं. हान शिन ल्यू बांगच्या, म्हणजे पुढे हान घराण्याचा पहिला सम्राट झालेल्या राजाच्या बाजूनं लढत होता. प्रतिस्पर्धी श्यांग यूनं माणूस पाठवला की स्वतंत्र हो, राज्याचे तीन वाटे करू. हान शिन म्हणाला, माझ्या राजानं स्वतःचं वस्त्र काढून माझ्या अंगावर घातलं, स्वतःच्या ताटातलं मला दिलं, मी त्याला सोडणार नाही. मराठी माणसाला हे लगेच कळतं, खाल्ल्या मिठाला जागणं. पुढचं मात्र यादीत लिहिलेलं नसतं. राज्य स्थिर झाल्यावर हान शिनची पदं एकेक करून काढली गेली आणि इसवी सनपूर्व 196 मध्ये ल्यू बांगच्या राणीनं त्याला राजवाड्यात बोलावून मारलं. शिकलेल्या चिनी माणसाला हा वाक्प्रचार ऐकताना तो शेवटही आठवू शकतो. शिवाय यात देणारा वरचा आणि घेणारा हाताखालचा असतो. बरोबरीच्या मित्राला म्हणालात तर तुम्ही स्वतःला त्याच्या पदरी नेऊन बसवलंत असं होतं.

रोजच्या वापरात सगळ्यात वर येतो तो श्वे जोंग सोंग थान, बर्फ पडत असताना कोळसा पाठवणं. सोंग घराण्याच्या इतिहासात नोंद आहे की 993 च्या कडाक्याच्या थंडीत सम्राट थायजोंगनं राजधानीतल्या निराधार, वृद्ध आणि गरीब लोकांना पैसे, तांदूळ आणि कोळसा पाठवला. याचा जोडीदार जिन शांग थ्येन हुआ, जरीच्या कापडावर आणखी फुलं भरणं, म्हणजे आधीच चांगलं चाललेल्याला अजून सजवणं. दुसरा शब्द वाईट नाही. लग्नाच्या, उद्घाटनाच्या भाषणात तो कौतुकानंच येतो. पण दोन्ही शेजारी ठेवले की टोमणा तयार होतो: जरीवर फुलं काढायला सगळे धावतात, बर्फात कोळसा घेऊन कोणी येत नाही. वापरताना एक पथ्य आहे. कोळसा मिळालेल्यानं हे बोलायचं, पाठवणाऱ्यानं नाही. ‘आम्ही तुम्हाला बर्फात कोळसा पाठवला’ असं देणगीदाराच्या तोंडी घातलं की समोरच्याला आपली गरिबी चारचौघांत मोजल्यासारखी वाटते. चीनमध्ये डॉक्टरांना, पोलिसांना, मदत करणाऱ्या कंपन्यांना लाल मखमलीचा, पिवळ्या झालरीचा उभा पताका भेट देतात. त्यावर सोनेरी अक्षरांत असले चार शब्द लिहिलेले असतात. मदत घेणारा तो पताका मदत देणाऱ्याला देतो, हीच दिशा वाक्प्रचारालाही लागू पडते.

देताना बोलणं चुकलं तर काय होतं यासाठी ज्ये लाय जी शी पाहा. छी राज्यात दुष्काळ पडला. छ्येन आओ नावाच्या माणसानं रस्त्याकडेला अन्नछत्र उघडलं. एक भुकेला तोंडावर बाही धरून, पाय ओढत आला. छ्येन आओनं एका हातात अन्न, दुसऱ्या हातात पाणी धरून हाक मारली: ए! ये, खा! त्या माणसानं डोळे उघडून पाहिलं आणि म्हणाला, ‘ए, ये’ म्हणून दिलेलं अन्न खाल्लं नाही म्हणूनच माझी ही दशा झालीये. छ्येन आओ मागे धावला, माफी मागितली, तरी तो जेवला नाही आणि मेला. शाळेत ही गोष्ट स्वाभिमानाची म्हणून शिकवतात. 1949 मध्ये माओंनी अमेरिकेच्या राजदूतावर लिहिलेल्या लेखात हाच वाक्प्रचार आणला: असलं अन्न गिळलं की पोट दुखतं. आदल्या वर्षी वारलेले लेखक जू त्सीछिंग आजारी असूनही अमेरिकेचं स्वस्त मदतीचं धान्य घ्यायला तयार झाले नव्हते, त्यांचा दाखला त्याच लेखात आहे. पण मूळ ग्रंथात गोष्ट भुकेल्याच्या मरणावर थांबत नाही. कन्फ्यूशियसचा शिष्य त्संगत्सी हे ऐकून म्हणतो, असं करायला नको होतं. ‘ए’ म्हटल्यावर निघून जाणं ठीक, माफी मागितल्यावर जेवायला हरकत नव्हती. मला हे शेवटचं वाक्य गोष्टीतलं सगळ्यात शहाणं वाटतं आणि नेमकं तेच पाठ्यपुस्तकांच्या कडेला पडतं.

आता दुसऱ्याच्या खिशातून देणारे. यासाठी मराठीला चिनीकडे हात पसरायची गरज नाही. खांग था रेन जी खाय म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, तंतोतंत. शब्द बोचरा आहे, कोणाच्या तोंडावर म्हणू नका. याच्यासारखाच दिसणारा पण अगदी सौम्य असा ज्ये हुआ श्येन फो आहे, उसनी फुलं घेऊन बुद्धाला वाहणं. दिवाळीत मी एका चिनी इंजिनिअरला फराळाचा डबा दिला होता. दुपारी कँटीनमध्ये त्यानं तो उघडला, त्यातलीच चकली काढून आमच्या प्लँट मॅनेजरसमोर धरली आणि हसत हेच चार शब्द म्हणाला. दुसऱ्यानं दिलेल्यातूनच मी तुमचा मान राखतोय, अशी ती कबुली. यजमानानं मागवलेल्या दारूचा पेला उचलून पाहुणा यजमानालाच शुभेच्छा देतो तेव्हाही असंच म्हणतो. स्वतःपुरतं वापरायचं, दुसऱ्याला लावायचं नाही.

त्या फुलांचा उगम आपल्याच भूमीतला आहे. दीपंकर या पूर्वीच्या बुद्धाला वाहण्यासाठी सुमेध, म्हणजे गौतम बुद्धाचा पूर्वजन्म, फुलं शोधत असतो. एक मुलगी त्याला पाच कमळं देते आणि आपली दोन त्याच्याकडे सोपवते: मी बाईमाणूस, एवढ्या गर्दीत पुढे जाऊ शकत नाही, माझ्या वतीनं तुम्ही वाहा. भारतातून गेलेल्या गुणभद्र या भिक्षूनं पाचव्या शतकात ही गोष्ट असलेलं बौद्ध सूत्र चिनीत आणलं. देहदानाचे वाक्प्रचारही याच वाटेनं गेले. ससाण्यापासून कबुतर वाचवायला मांडीचं मांस कापून देणारा शिबी राजा अजिंठ्याच्या 1 क्रमांकाच्या लेण्यात रंगवलेला आहे. चीनच्या वाळवंटाकाठी, दुनह्वांगजवळच्या मोगाओ लेण्यांपैकी 254 क्रमांकाच्या लेण्यातही तो आहे, आणि तिथे समोरच्या भिंतीवर भुकेल्या वाघिणीला स्वतःचा देह देणारा राजपुत्र. चिनीत ही दोन्ही चित्रं चार-चार अक्षरांत बसली: मांस कापून ससाण्याला भरवणं, देह टाकून वाघाला पोसणं. ऑफिसच्या भाषेत मात्र त्यांचा उपयोग शून्य. फार तर चेष्टेत म्हणता येईल.

कंजूष माणसाला यी माओ बू बा म्हणतात, एक केसही न उपटणारा. आपला कवडीचुंबक. हा शिक्का यांग जू नावाच्या विचारवंतावर बसला, कारण कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या मेन्शियस या विचारवंतानं लिहून ठेवलं की जगाचं भलं होणार असलं तरी हा आपला एक केस द्यायचा नाही. यांग जूचं स्वतःचं पुस्तक उरलेलं नाही; आपल्याला तो कळतो तो बराचसा विरोधकांच्या तोंडून. त्याला खरंच कंजुषी शिकवायची होती की प्रत्येकानं स्वतःपुरतं नीट जगावं एवढंच सांगायचं होतं, याबद्दल अभ्यासक अजून वाद घालतात.

औदार्याची दुसरी बाजू सांगणारी एक बोलीतली म्हण मला फार आवडते: शेंग मी एन, दोउ मी छोउ. शेरभर तांदूळ दिलात तर उपकार, दहा शेर दिलात तर वैर. (दोउ म्हणजे दहा शेंग.) अडीनडीला थोडं दिलं तर माणूस आठवण ठेवतो, सतत भरभरून दिलं की त्याला तो हक्क वाटतो आणि हात आखडला की शत्रुत्व. नातेवाइकांना पैसे उसने देण्याची चर्चा निघाली की चिनी घरांत ही म्हण येतेच. आणि हो, ‘मासा देऊ नका, मासेमारी शिकवा’ हे लाओत्सी (ताओ परंपरेचा आद्य विचारवंत) किंवा कन्फ्यूशियस यांच्या नावानं फिरतं ते त्यांच्या ग्रंथांत कुठेही नाही.

सोडून देण्याच्या वाक्प्रचारांत विद्यार्थी जास्त फसतात, कारण सगळ्या याद्यांचा सूर ‘जिद्द सोडू नका’ असा असतो. काही तसे आहेतच. बान थू अर फेइ, अर्ध्या वाटेत टाकणं, हे निंदेचंच. त्याच्याशी जोडलेली गोष्ट अशी की शिकायला गेलेला नवरा वर्षभरात घरच्या ओढीनं परत आला, तेव्हा बायको सुरी घेऊन मागापाशी गेली: धागा धागा जोडून हे कापड झालंय, आता कापलं तर सगळं फुकट. नवरा निमूट परत गेला. त्सी बाओ त्सी छी म्हणजे स्वतःला वाया गेलेला समजून सोडून देणं; नापास झालेल्या मुलाची आई शिक्षकांसमोर हे बोलते.

पण छ्येन गोंग जिन छी घ्या. आजचा अर्थ: आधीची सगळी मेहनत पाण्यात. डॉक्टर म्हणतो औषधाचा कोर्स अर्धवट सोडू नका, नाहीतर छ्येन गोंग जिन छी. म्हणजे थांबू नका. मूळ गोष्ट नेमकी उलटी आहे. इसवी सनपूर्व 281 मध्ये छिन राज्याचा सेनापती बाय छी वेइ राज्याच्या राजधानीवर चालून निघाला होता. तो एकही लढाई हरलेला नव्हता. त्याला थोपवायचं कसं? सू ली नावाच्या मुत्सद्द्यानं चौ घराण्याच्या राजाला सुचवलं की त्याला ही गोष्ट ऐकवा. यांग योउजी हा तिरंदाज शंभर पावलांवरून विलोच्या पानावर नेम धरायचा आणि शंभरातले शंभर बाण लागायचे. लोक वाहवा करत असताना बाजूला उभा असलेला एक जण म्हणाला, छान, आता याला तिरंदाजी शिकवायला हरकत नाही. तिरंदाज संतापला, धनुष्य खाली टाकून तलवारीला हात घातला: तू मला काय शिकवणार? तो म्हणाला, हात कसा धरायचा हे मी नाही शिकवू शकत. पण शंभर नेम लागल्यावर थांबला नाहीस तर थोड्या वेळानं दम जाईल, धनुष्य तिरकं होईल, एक बाण चुकेल आणि आधीचे शंभर वाया जातील. तात्पर्य बाय छीसाठी: एवढं जिंकलास, आता एक डाव फसला तर सगळं जाईल, आजारी आहे म्हणून सांग आणि घरी बस. ज्या चार अक्षरांनी आज लोकांना ‘थांबू नका’ म्हणतात त्यांचा जन्म ‘थांब’ म्हणण्यात झाला. वापर आजचाच करा. पण कोणी चिनी सहकारी गोष्टीसकट बोलला तर तो कुठल्या अर्थानं बोलतोय ते ऐका.

जी नान अर थुई, अडचण ओळखून मागे फिरणं, यालाही आज थोडा भित्रेपणाचा वास येतो. स्पर्धकाला असं काही दाखवू की तो जी नान अर थुई होईल, अशी भाषा वाटाघाटींत असते. मूळ वाक्य मात्र युद्धशास्त्रातलं कौतुक आहे. इसवी सनपूर्व 597 मध्ये जिन राज्याचं सैन्य पीत नदीपाशी पोचलं तेव्हा ज्या मित्रराज्याला वाचवायचं त्यानं शत्रूशी आधीच तह केला होता. शी हुई हा सेनानी म्हणाला, संधी दिसली की पुढे जाणं आणि अडचण दिसली की मागे फिरणं हेच सैन्याचं चांगलं धोरण. एका उतावळ्यानं न ऐकता नदी ओलांडली, बाकीच्यांना मागून जावं लागलं, आणि दाणादाण उडाली. पळताना होड्यांना लटकलेल्यांची बोटं आतल्या सैनिकांनी इतकी छाटली की ती ओंजळीनं उचलता आली असती, असं ग्रंथात लिहिलंय. हे वाचल्यावर माघारीबद्दलचं मत बदलतं.

या दोहोंच्या मधे ‘जी लेइ’ लटकतं, कोंबडीची बरगडी. 219 मध्ये हानजोंगच्या मोहिमेत अडकलेल्या त्साओ त्साओ या सेनानीनं रात्रीचा परवलीचा शब्द म्हणून हेच दिलं आणि यांग श्यू या हुशार अधिकाऱ्यानं सामान बांधायला घेतलं: खाल्ली तर मांस नाही, टाकावी तर जीव होत नाही, म्हणजे साहेब परतणार. परतलेच. कमी पगाराची पण पक्की नोकरी, तोट्यातला पण जुना ग्राहक, हे सगळं चिनी ऑफिसांत ‘जी लेइ’.

सोडण्याचा तिसरा प्रकार दुसऱ्यासाठी सोडण्याचा. चार वर्षांच्या खोंग रोंगनं मोठं नाशपाती भावांना देऊन लहान घेतलं, ही गोष्ट चिनी मुलांना शाळेत शिकवतात. 2012 मध्ये शांघायच्या पहिलीतल्या एका मुलानं ‘तू असतास तर काय केलं असतंस’ याला ‘मी दिलं नसतं’ असं लिहिलं, बाईंनी फुली मारली, आणि सोशल मीडियावर देशभर वाद झाला. मुलाची बाजू घेणारे पुष्कळ होते. याहून मला आनहुई प्रांतातल्या थोंगछंगची ‘सहा फुटी गल्ली’ जवळची वाटते. (त्यांचा फूट, म्हणजे छ्र, आपल्या फुटापेक्षा किंचित मोठा.) सतराव्या शतकातले मोठे अधिकारी जांग यिंग पेइचिंगमध्ये असताना गावी घरच्यांचं शेजाऱ्याशी भिंतीवरून भांडण लागलं. घरच्यांनी वशिल्यासाठी पत्र लिहिलं. उत्तरात कविता आली: हजार मैलांवरून पत्र ते एका भिंतीसाठी, तीन फूट सोडले तर काय बिघडलं, चीनची भिंत अजून उभी आहे, ती बांधणारा सम्राट कुठे दिसतो? घरच्यांनी तीन फूट सोडले, शेजाऱ्यानं लाजून आणखी तीन. गल्ली आजही दाखवतात. बांध कोरण्यावरून तीन पिढ्या कोर्टात घालवणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

आता तुमचं कार्ड. निवृत्तीसाठी यादीत जी ल्यू योंग थुई सापडेल, जोराच्या प्रवाहात धैर्यानं मागे फिरणं. ते लिहू नका. ते चढत्या काळात स्वतःहून पद सोडणाऱ्यासाठी आहे. वयानं निवृत्त होणाऱ्याला लावलं तर ‘यांना कशाची घाई झाली’ असा प्रश्न उठतो. त्याऐवजी गोंग छंग शेन थुई, काम पूर्ण झालं, आता बाजूला होणं. हा विचार थेट लाओत्सीचा आहे आणि या प्रसंगाला शोभतो. संगणकांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांच्या नावानं वेगळी ओळ घ्या आणि तिथे बर्फातला कोळसा बसवा, पण शाळेकडे आधी संगणक नव्हतेच असं असेल तरच. होते आणि हे अजून आले, तर कोळसा खोटा पडतो. मग खांग खाय ज्ये नांग, सढळ हातानं थैली सोडणं, पुरेसं आहे. तुमच्याकडून छोटी भेट असेल तर देताना ‘यी द्येन शिन यी’ म्हणा, आपलं फूल ना फुलाची पाकळी. कार्ड लाल असलं तर उत्तम, शाई मात्र काळी किंवा सोनेरी ठेवा. लाल शाईनं लिहिलेलं पत्र म्हणजे संबंध तोडल्याचं पत्र, अशी तिकडे जुनी समजूत आहे.